धाम नदीवरचं शीड

कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की मामाजी, म्हणजे माझे सासरे, बोट जिभेला लावून ओलं करत आणि हवेत उभं धरत. बैल घ्यायचा असो की पोरीचं स्थळ, आधी वारा बघायचा! लग्न होऊन पवनारला आले तेव्हा उंबरा ओलांडताना समोर हा ओल्या बोटाचा माणूस. म्हटलं, झालं! बाबांनी मला वेड्यांच्या घरात दिली.

हे खूळ त्यांनी रंगूनहून आणलं होतं. तरुणपणी पोटासाठी ब्रह्मदेशात गेले आणि तिथल्या तलावावर साहेबांच्या शिडाच्या होड्या सांभाळू लागले. होडी घासायची, शीड शिवायचं, वारा कसा पकडायचा ते साहेबाला दाखवायचं, सगळं यांनी. शर्यतीच्या दिवशी मात्र सुकाणू साहेबाच्या हातात. "हप्ताभर नाव माही, आयतवारी सायबाची," असं ते हसत सांगायचे. पण साहेब ऐनवेळी "हट" म्हणून हातातला सुकाणूचा दांडा कसा काढून घ्यायचा, ते सांगताना हसू कुठल्या कुठे जायचं. लढाई पेटली तसे पायी देशात परतले. शर्यतीत एकदाही सुकाणू धरायला मिळालं नाही ते नाहीच.

धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी आमच्या वस्तीत एक ब्रह्मी भंते आले. मामाजींनी बाकी सगळं राहू दिलं आणि तोडक्यामोडक्या ब्रह्मी भाषेत पहिल्यांदा तलावाचं विचारलं. भंते हसून म्हणाले, साहेब गेले. आता तिथलीच पोरं शर्यती लावतात, होड्या तिथलेच सुतार बांधतात, बायकासुद्धा सुकाणू धरतात. मामाजींच्या डोळ्यांना धार लागली. "आता दांडा त्यायच्याच हातात हाय, आयकलं का?" असं घरोघर सांगत सुटले. लोक म्हणायचे, "बरं हाय बुवा," आणि कापूस वेचायला जायचे.

तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं. मरायच्या आधी एक शर्यत, आपल्या धामेवर, आणि सुकाणू आपल्या हातात.

आंब्याच्या फळ्यांची होडी झाली, मांजरपाटाचं शीड मामाजींनी आणि मी शिवलं. पण एकट्या नावेची शर्यत होणार कशी? पावसाळ्यात माणसं पलीकडे नेणाऱ्या किसन नावाड्याकडे गेले, तर तो म्हणतो, "मामा, वारा नाव हाकत असता तं मी काऊन बांबू मारून राह्यलो असतो?" मामाजी तडक माघारी फिरले. घरी येऊन त्याच्या होडीसाठी शीड शिवायला बसले, आणि तेही आमच्यापेक्षा चांगल्या कापडाचं! मी फणकारले, तर म्हणाले, "हारवनारा कोनी पायजे ना, सूनबाई."

सरावाला जोडीदार लागतो म्हणून त्यांनी मलाच होडीत बसवलं. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "सून नदीत नाव हाकते म्हने! लोकं काय म्हनतीन?" मामाजींनी शांतपणे बोट ओलं करून वर धरलं. "लोकायचा वारा आज पडला हाय. चाल, सूनबाई." सासूबाई मोठ्या रागाच्या, पण त्यांनाही हसू आवरेना.

नवं कोरं शीड हातात पडल्यावर किसनही राजी झाला, आणि ते हाकायचं कसं तेही त्याला मामाजींनीच शिकवलं. पावसाळा सरता सरता, नदी भरलेली असताना शर्यत ठरली. घाटापासून पलीकडे पुराच्या पाण्यात उभ्या उंबराच्या झाडापर्यंत जायचं आणि परत यायचं. वारा आडवा होता, म्हणजे जातायेता दोन्हीकडे कामाचा. सगळं गाव काठावर जमलं. मामाजी धुतलेला सदरा घालून सुकाणूपाशी बसले आणि काय नेली म्हणता होडी! किसन कितीतरी मागे राहिला. पण उंबराला वळसा घातला आणि त्यांनी दांडा माझ्याकडे सरकवला.

"मामाजी, शर्यत तुमची हाय!"

"मी धरलं. जीव निवला माहा. आता तू."

घाट जवळ आला तसा किसनही मागून भिडला. काठावर नुसता गलका. मी ओरडले, "घ्या ना तुमी! हारून राह्यलो आपन!"

मामाजींनी शिडाची दोरी खुंटीला अडकवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. "दिलेलं सुकाणू वापस घेत नसतेत," म्हणाले.

हरलो. अगदी थोडक्यात हरलो. मी ढसाढसा रडले आणि हे महाशय किसनला मिठी मारून नाचत होते. "पुढच्या साली बी येजो रे!" तो आला, आणखी दोन होड्याही आल्या. मामाजी तोवर थकले होते. घाटावर बसून बोट वर धरायचे, आणि त्यांनी ते खाली केलं की होड्या सुटायच्या. त्यानंतरच्या पावसाळ्यापर्यंत ते राहिले नाहीत. त्या वर्षी घाटावर बोट मी धरलं. फार आठवण आली.

परवा नात स्कूटर शिकत होती, मी मागे बसलेली. समोरून बैलगाडी आली, स्कूटर डगमगली आणि पोरगी किंचाळली, "आजी, तू धर ना!" माझे हात हँडलकडे निघालेच होते. मी ते ओढून मांडीखाली दाबले.

"तूच ने," म्हटलं. "मी बसली हाय."

वाकडीतिकडी का होईना, नेली तिनं.