गवार कोवळी बघून आणा

अडकलेलं अपडेट सोडवणारी माणसं पुण्यात गल्लोगल्ली सापडतील, पण त्यासाठी आधी कॉम्प्युटरच्या मालकालाच घराबाहेर काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. माझ्या बायकोचे हे काका आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. जन्मभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं, आणि मुलांना वर्गाबाहेर काढायची जी सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरताहेत, 'कॉम्प्युटर बंद करू नका' अशी सूचना खाली आहे आणि टक्केवारी सकाळपासून ठिय्या मारून बसली आहे, असं कुणाकडेही झालं की काकांना बोलावणं जायचं. काका यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि पडद्याकडे न बघता आधी घरातल्यांकडे बघायचे. "बटण कोणी दाबलं?" एवढंच विचारायचे. चांगली साहेब म्हणून निवृत्त झालेली माणसं बायकोकडे बोट दाखवायची. बटण कोणीतरी दाबलेलं असायचंच.

मग तपासणी. प्रिंटर, पेनड्राइव्ह, जे जे म्हणून जोडलेलं असेल ते काढून बाजूला. त्यानंतर खुर्ची ओढून ते कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढच्या बारीक दिव्याकडे बघत बसायचे. दिवा लुकलुकत असला तर आत काम सुरू आहे, हात लावायचा नाही. "अहो, त्याचं चाललंय. तुमचंच अडलंय," असं ते मालकाला तोंडावर सांगायचे. दिवा बराच वेळ गप्प असला तरच ते कॉम्प्युटर बंद करून सेफ मोडमध्ये उघडायचे, अर्धवट उतरलेल्या फायली पुसायचे आणि जागा मोकळी करायचे. आमच्या समोरच्या बिऱ्हाडात पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ चार-चार ठिकाणी साठवलेला सापडला, तेव्हा काकांनी शांतपणे विचारलं, "नवरामुलगा एकच होता ना?" आणि एक ठेवून बाकीचे उडवले. त्या घरातल्या वहिनी पुढे महिनाभर काकांशी बोलत नव्हत्या. अपडेट मात्र झालं.

आता यापुढे काय उरतं, तर वाट बघणं. आणि तेवढं एक सोडून आपल्या लोकांना सगळं जमतं. काका पाणी प्यायला उठले रे उठले की मालकाचं बोट बटणाकडे सरकायचं. म्हणून हकालपट्टी. माझ्यावर पहिल्यांदा पाळी आली तेव्हा माझं लग्न नवीन होतं. काका अतिशय अदबीनं म्हणाले, "जावईबापू, आपण जरा मंडईत जाऊन यावं. पावशेर गवार. कोवळी बघून आणा." जावयाला कोणी भाजी आणायला पिटाळतं का हो? पण सासरचा माणूस, बोलणार काय! मी गेलो, आणली. काकांनी पिशवीत हात घातला, एक शेंग मोडली आणि म्हणाले, "जून आहे. बदलून आणा." मी परत गेलो. भाजीवालीनं माझी लाज काढली ती वेगळीच. दुसऱ्या खेपेला बघतो तर कॉम्प्युटर सुरू, काका चहा पीत बसलेले. त्यांनी पिशवीत नुसतं डोकावलं आणि "वा, कोवळी आहे" म्हणाले. मी बदलून काहीच आणलं नव्हतं. भाजीवालीनं हाकलल्यावर मी तीच गवार घेऊन कोपऱ्यावर उसाचा रस पीत उभा होतो.

काम व्हायला वेळ असला की गवार जून निघते, हे मला चारपाच अपडेटं गेल्यावर कळलं. बायकोला लहानपणापासून माहीत होतं. शाळेत निकाल लागायच्या दिवशीही काका पोरांना असंच कुठेतरी पाठवायचे म्हणे. किरकोळ कामाला कोथिंबीर, मोठ्या कामाला गवार, असा त्यांचा हिशेब. गवारच का, तर ती शेंग न् शेंग बघून घ्यावी लागते, तेवढा वेळ माणसाच्या हाताला चाळा राहतो. तळमजल्यावरचं एक जोडपं बटण कोणी दाबलं यावरून हमरीतुमरीवर आलं होतं. त्या दोघांना काकांनी एकाच पिशवीनिशी धाडलं. येताना दोघं हसत आली. गवार विसरून आली होती, पण काकांनी विचारलं नाही.

गेल्या वर्षी काकांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. वय झालेलं, साखर वाढलेली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की ऑपरेशन लांबेल आणि काहीही होऊ शकतं. त्या सकाळी काकू खुर्चीत ताठ बसून होत्या, त्यांची मुलगी कागदांवर सह्या करत फिरत होती, आणि मी दर मिनिटाला उठून नर्सला काहीतरी विचारत होतो. काकांना आत न्यायला स्ट्रेचर आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं आणि मला खूण करून जवळ बोलावलं.

"जावईबापू, इथे बसून काय करणार? हिला घेऊन मंडईत जा. पावशेर गवार आणा."

काकूंनी पदर खोचला आणि पिशवी मागितली.

मंडईत काकू एका टोपलीपुढे बसल्या आणि एकेक शेंग मोडून बघायला लागल्या. चांगली असली तरी परत टाकायच्या. मी शेजारी फोन हातात धरून उभा. भाजीवाली शेवटी म्हणाली, "आजी, सगळी टोपली आज इथंच निवडणार का?" काकू म्हणाल्या, "हो." तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बसायला पोतं सरकवलं. उन्हं चांगली वर आली, तेव्हा फोन वाजला. मुलगी रडत होती, त्यामुळे आधी काही समजेना. मग समजलं. बाबा बाहेर आलेत, व्यवस्थित आहेत. काकूंनी डोळे पुसले आणि न बघता दोन ओंजळी गवार पिशवीत ओतली.

त्यानंतर मुलीनं दोघांना हिंजवडीला आपल्याकडे नेलं. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, सगळी सोय आहे. पण मुलगी आणि जावई दोघं आयटीत. त्यांच्या कॉम्प्युटरची अपडेटं कंपनी परस्पर करून टाकते. आजूबाजूच्या फ्लॅटमध्येही तेच. तिथे कुणाचं काही अडत नाही, आणि काकांना कोणी बोलावत नाही.

परवा माझा कॉम्प्युटर पुन्हा अडकला. मी फोन लावला. "दिवा लुकलुकतोय?" लुकलुकत होता. "मग हात लावू नका. मंडईत जा, गवार घ्या," आणि जरा थांबून म्हणाले, "आणि घेऊन इकडे या."

पेठेतून हिंजवडी म्हणजे पुणेकराला परगावच. बसमध्ये उभा राहून, मांडीशी पिशवी सांभाळत मी पोचलो. काका गॅलरीत बसून खालची कंपन्यांच्या बसची रांग बघत होते. वाळले होते. आम्ही बोललो, जेवलो, चहा झाला. उन्हं उतरली तसा मी निघायला उठलो, चपला घातल्या. काकांनी पिशवी जवळ ओढली, एक शेंग काढली आणि मोडली. कटकन आवाज आला. सकाळी मी स्वतः एकेक बघून घेतली होती.

"जून आहे हो," काका म्हणाले.

मी चपला पुन्हा काढल्या. काकूंनी आतून काही न विचारता चहाचं आधण ठेवलं.