डोळे नसलेले चौदा वाघ

त्या प्राणिसंग्रहालयात पाटीकाकांना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. एकतीस वर्षं तिथल्या प्रत्येक पिंजऱ्यावरची पाटी त्यांनी हाताने रंगवली. वर प्राण्याचं नाव, मध्ये चित्र, खाली लाल अक्षरांत ‘जाळीत हात घालू नये’. पुढे छापील पाट्या आल्या आणि काकांचा ब्रश सुटला. पण व्यवस्थापक बाईंनी त्यांना सोडलं नाही. तिकीटखिडकीमागच्या लांबट खोलीत दर रविवारी सकाळी मुलांना प्राणी काढायला शिकवायचं काम त्यांनी काकांच्या गळ्यात घातलं.

मुलं यायची ती वाघासाठी. हरीण म्हटलं की तोंडं वाकडी व्हायची. काकांनी मग वाघ सात पायऱ्यांत बसवला. मोठा गोल म्हणजे डोकं. त्यातच खाली छोटा गोल, तो नाकातोंडाचा. मग कान, मग उघडा जबडा, मग सुळे, मग पट्टे. “पट्टे अंगावर वळतात रे बाबांनो, वाघ म्हणजे कुंपण नव्हे.” सातवी पायरी डोळे. ते अगदी शेवटी काढायचे, कारण आधी काढले तर वाघ आपल्याकडे बघत बसतो आणि हात दबकतो, असं काका सांगत. आणि एक नियम कडक होता: दुसऱ्याच्या कागदाला पेन्सिल लावायची नाही. काका स्वतःही लावत नसत.

त्या वर्षी काकांची बायको गेली. आजारपण सहा आठवड्यांचं. तेराव्या दिवशी रविवार होता. काका उठले, दाढी केली, आणि खोलीचं कुलूप काढून फळ्यासमोर उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, माणूस मोठा धीराचा. धीर वगैरे काही नव्हता. काकांना काही वाटतच नव्हतं. चहा समोर ठेवला तर साय धरेपर्यंत तसाच राही. बसस्टॉपवर दोन-दोन बस सुटून जात, आणि त्याचं वाईटही वाटत नसे. शिकवणं मात्र सुरळीत चालू होतं, कारण ते हाताला पाठ होतं.

चार रविवार गेल्यावर व्यवस्थापक बाईंनी त्यांना बोलावलं. टेबलावर मुलांच्या चित्रांची चळत होती. पुढच्या आठवड्यात प्रदर्शन लागायचं होतं.

“काका, यात काही राहिलंय का?”

काकांनी एकेक कागद उलटला. जबडे चांगले होते. सुळे तर काहींनी मोजून आठ-आठ काढले होते.

“पट्टे जरा दाट झालेत.”

“डोळे, काका. एकालाही डोळे नाहीत.”

काकांनी पुन्हा पाहिलं. चौदा वाघ, चौदा उघडे जबडे आणि वर कोरा कागद. चारही रविवार ते सहाव्या पायरीला थांबले होते आणि त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मुलांनी विचारलं कसं नाही? विचारलं असेल. आपण काय उत्तर दिलं, ते त्यांना आठवेना.

“तुम्हीच काढून टाका ना,” बाई हळूच म्हणाल्या. “तुमचं दहा मिनिटांचं काम.”

काकांनी पेन्सिल हातात घेतली, पहिला कागद पुढे ओढला आणि तसेच बसून राहिले. मग पेन्सिल खाली ठेवली. “नको. ज्याचे त्याला काढू दे. बुधवारी शाळा सुटल्यावर बोलवा सगळ्यांना.”

बुधवारी त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. मुलांना फळ्यासमोर न बसवता थेट वाघिणीच्या पिंजऱ्यापाशी नेलं. म्हातारी वाघीण पाठ करून आडवी पडली होती. मुलं कठड्याला टेकून, मांडीवर कागद घेऊन बसली. अर्धा तास झाला तरी वाघीण हलेना. एकाने शीळ घातली, एकीने डरकाळी फोडली. ती खोकल्यासारखी निघाली आणि सगळे खिदळले.

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने काकांची बाही ओढली. “काका, ती मेली का?”

“नाही. पोटाकडे बघ. वर येतंय, खाली जातंय. दिसलं?”

मुलीने डोळे बारीक केले. “दिसलं. तुम्हाला कसं माहीत, पोट बघायचं ते?”

“आमच्या घरी आजारपण होतं. मी रात्रंदिवस तेच बघत बसायचो.”

“कोण आजारी होतं?”

“माझी बायको.”

“मग?”

“मग हलायचं थांबलं.”

मुलीने पुन्हा वाघिणीच्या पोटाकडे पाहिलं. जरा वेळाने तिने विचारलं, “त्या रागीट होत्या का?”

“भयंकर,” काका म्हणाले. “माझ्या वाघाला मांजर म्हणायची. दूध सांडून धपाटा खाल्लेलं मांजर.”

मुलगी तोंड दाबून हसली. तेवढ्यात मुलांच्या मागे कुठेतरी लोखंडी दार वाजलं. वाघिणीने मान वळवली आणि कठड्यापाशीच्या चौदा जणांकडे पाहिलं. राग नाही, काही नाही, नुसतं पाहिलं. मग पेन्सिली खरखरू लागल्या.

प्रदर्शनाला काकांची लेक दुसऱ्या गावाहून आली. भिंतीवरचे वाघ पाहत ती म्हणाली, “बाबा, जबडे सगळ्यांचे सारखे, पण डोळे किती वेगळे! हा तर झोपेतून उठल्यासारखा दिसतोय.”

काकांनी तिला बुधवारची हकिकत सांगितली, पोटाच्या प्रश्नासकट. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल ते आजवर तिच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. लेकीने तिथेच भिंतीकडे तोंड केलं आणि रडायला लागली. काकांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःकडे घेतली आणि तिच्याशेजारी उभे राहिले. त्यांचे डोळे कोरडेच होते. पिशवी बरीच जड होती, एवढं मात्र त्यांना जाणवलं.

“चल,” तिचं रडणं ओसरल्यावर ते म्हणाले. “बाहेर बसू. मला भूक लागली आहे.”