वीतभर आखूड

धुळाप्पा माझा मामा. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, सांगोल्याच्या शाळेत घातलं आणि सोलापुरात शिवलिंगप्पा अण्णांच्या पेढीवर कारकून म्हणून चिकटवलं. तो घोंगडी विणायचा. खड्ड्यातल्या मागावर बसला की जेवायच्या हाकेलाही उठायचा नाही, आणि मध्येच कुणी बोललं तर चिडायचा. त्याच्या मापात कधी बोटाचा फरक पडला नाही. असल्या माणसाचा भाचा मी, आणि पेढीवरच्या इतर कारकुनांना सांगायचो की आमची शेती आहे. शुक्रवार पेठेतल्या खोलीत रोज साबण चोळचोळून अंघोळ करायचो, मेंढरांचा वास अंगाला राहू नये म्हणून.

१९३३ साली पेढीच्या चादरींना उठाव नव्हता. रशियाच्या सरकारी खरेदीचे लोक मुंबईला आल्याची बातमी लागली. त्या देशाशी नवा व्यापार जमतो का ते पाहायला आमच्याकडच्या चार व्यापाऱ्यांनी मुंबईला जायचं ठरलं, अण्णा त्यांचे पुढारी. देश थंड, तेव्हा चादरींबरोबर नमुन्याला एक घोंगडंही न्यावं, असं ठरलं. ते पसंत पडलं असतं तर सांगोल्याकडच्या सगळ्या मागांना वर्षभर काम मिळालं असतं.

मी मामाकडे गेलो. रशियाला दाखवायला एक घोंगडं हवंय आणि तिकडे शेठ-सावकार नाहीत, हे त्याला सांगितलं.

“मग घेणार कोण?”

“सरकार.”

“सरकारला येवढी थंडी वाजती व्हय?” तो हसला. पण दुसऱ्याच दिवशी मागावर बसला. कोकरांची पहिली मऊ लोकर घेतली, अंबुमामीने ती कातून दिली, सुताला चिंचोक्याची खळ लावली. पंधरा दिवसांनी घोंगडं खांद्यावर टाकून तो स्वतः सोलापूरला आला आणि त्याचं माप माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं.

घोंगडं झकास होतं. पण वास यायचा. मुंबईत साहेबांपुढे तो वास उघडा पडणार, या विचारानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सामान बांधायचं काम माझ्याकडे होतं. कुणाला न विचारता मी घोंगडं परटाकडे दिलं आणि कढत पाण्यात सोडा घालून धुवायला सांगितलं. लोकरीला कढत पाणी लावू नये, ती आटते, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. परत आलं तेव्हा घडी लहान दिसली. वास गेला होता, मी तेवढ्यावरच खूष.

मुंबईत रशियनांनी टेप लावली. घोंगडं कागदावरच्या मापापेक्षा वीतभर आखूड भरलं. त्यांच्याकडे सगळं लिहिल्याबरहुकूम चालायचं. मापात फसवणाऱ्यांशी व्यवहार नको म्हणाले आणि चादरींचं गाठोडंसुद्धा त्यांनी उघडून पाहिलं नाही.

अण्णांनी मामाला बोलावून घेतलं. चारही व्यापारी गादीवर बसले होते.

“धुळाप्पा, परमुलखातल्या लोकांपुढे आमचं नाक कापलंस. माप का चोरलंस?”

मामाने घोंगडं मांडीवर घेतलं, कड चिमटीत धरून चोळली, नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं. मी दौत पुसत बसलो.

“चूक माजीच हाय, मालक,” तो म्हणाला. “मापाला चुकलो.”

मी बोलायला हवं होतं. फार तर नोकरी गेली असती.

त्याला मोटारीच्या अड्ड्यावर सोडायला गेलो. गाडीत चढता चढता त्याने विचारलं, “लई वास येत हुता व्हय रं?” रागाने नव्हे, माहीत करून घ्यावं तसं विचारलं. मी नाही म्हणालो. तेही खोटंच.

त्यानंतर सोलापुरात त्याचा माल कुणी घेईना. तो आठवडी बाजारात बसायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला न मागता आधी हाताने मापून दाखवायचा. कधीमधी माझ्या खोलीवर यायचा. थंडी असली तरी खांद्यावरचं घोंगडं बाहेर पायरीवर ठेवायचा आणि मगच आत यायचा. पुढे अकरा वर्षं तो जगला. मामा, आत आण ते, असं मी एकदाही म्हणालो नाही.