विचारायचं, पण उत्तर द्यायचं नाही

एलिओदोरो कुस्पोका यांना खोटं बोलता येत नाही. काही माणसांना पोहता येत नाही, तसं. माझा नवरा गेला तेव्हा शवपेटीपाशी येणारा प्रत्येक जण मला सांगत होता, "अगदी झोपल्यासारखे दिसताहेत हो." एलिओदोरो तेव्हा नाताळसाठी आमच्याकडेच उतरले होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "नाही दोन्या त्रान्सितो, मेल्यासारखेच दिसताहेत. फार वाईट झालं." तेव्हा कुठे मला रडू फुटलं. बाकीच्यांनी मला रडूच दिलं नव्हतं.

ओंदाच्या बाजारात तीस वर्षं ते वजनकाटे तपासायचे. त्यांना लांबून पाहिलं की मासळीवाल्या देवाचं नाव घ्यायच्या. अनातिल्देला मागणी घालायला गेले, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, सूप कसं झालंय? "खारट," हे म्हणाले. लग्न आठ महिने लांबलं. अनातिल्दे हा किस्सा दर वर्षी सांगते आणि दर वर्षी ते पुस्ती जोडतात, "पण खारटच होतं ते."

एकोणीस वर्षं हे जोडपं नाताळला आमच्या तिबागोता गावात येतं आहे. ओंदाच्या नदीकाठच्या भट्टीतून निघायचं आणि नऊ दिवस डोंगरावर लोकरीच्या रुआना शालीत गुरफटून कुडकुडायचं, ही त्यांची चैन. चौकात दिवे, बँड, फटाके, आणि माझ्या सात खोल्यांच्या हॉटेलात रोज संध्याकाळी बाळ येशूच्या गोठ्यापुढे नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. यंदाही आले. काल सकाळच्या बसने परत गेले. नऊ जानेवारीला एलिओदोरोंच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. तोवर माझं कशात लक्ष लागायचं नाही. सकाळपासून दूध दोनदा उतू गेलं, म्हणून लिहायला बसले आहे.

सोळा तारखेला बस थांब्यापासून माझ्या दारापर्यंत येताना ते तीनदा थांबले. दिव्यांच्या माळा बघतोय असा आव होता, पण दिवे अजून लागलेच नव्हते. वरची नेहमीची खोली नको म्हणाले. "जिन्याला घाबरायला लागलेत," असं म्हणून अनातिल्दे हसली आणि पेटी घेऊन आत गेली. ते माझ्यामागून स्वयंपाकघरात आले, पिठाच्या पोत्यावर बसले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग खिशातून डॉक्टरांचा कागद काढून माझ्या हातात दिला.

"हा तुमच्याकडे ठेवा. हिच्या हाती लागायला नको. डॉक्टरांकडे गेलो होतो एवढंच तिला माहीत आहे, काय झालं ते अजून विचारलं नाही."

मी वाचला. हृदयाची झडप निकामी होत आली होती. ऑपरेशनची तारीख पडली होती. आणि खाली रेघ मारून लिहिलं होतं, उंचावर जाऊ नये.

"मग आलात कशाला, अहो?" मी ओरडलेच.

"हळू. अनातिल्देनं ऑगस्टपासून पेटी भरून ठेवलीय. नाताळ होऊ दे तिचा. मग सांगतो."

"आणि त्याआधी तिनं विचारलं तर?"

त्यांचा चेहरा पडला. "तीच तर भीती आहे. विचारलं की माझ्या तोंडून खरंच जाणार. म्हणून म्हटलं, यंदा खेळ बदलू."

आमच्याकडे नाताळच्या दिवसांत नवरा-बायको, मित्र-मैत्रिणी पैजेचे खेळ खेळतात. हरेल त्याने जिंकणाऱ्याला मागेल ती भेट द्यायची. हे दोघं एरवी काडीचा खेळ खेळायचे. तोंडात कायम गवताची काडी ठेवायची, आणि दुसऱ्याने अचानक मागितली की दाखवायची. यंदा एलिओदोरोंनी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "विचारायचं, पण उत्तर द्यायचं नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी सहाची घंटा होईपर्यंत. जो उत्तर देईल तो हरला. साक्षीदार दोन्या त्रान्सितो."

"मंजूर!" अनातिल्देने टाळी दिली. "तोंड मिटून बसणं तुम्हाला जमणार? उद्या दुपारपर्यंत हराल."

मला वाटलं, निभावलं. कसचं काय. दुसऱ्या दिवशी न्याहारीला दूध-अंड्याचं चांग्वा पुढ्यात आलं आणि तिने गोड आवाजात विचारलं, "काय हो, डॉक्टर काय म्हणाले?"

माझ्या हातातली बशी खाली पडली. एलिओदोरो पाव चावत राहिले. अनातिल्दे खुदकन हसली. "वा! शिकले की!"

तेव्हापासून रोज. न्याहारीला, चौकात, नोव्हेनाच्या गाण्यांच्या मध्येच. डॉक्टर काय म्हणाले? एक-दोन दिवसांत माझे इतर पाहुणेही तिच्या सुरात सूर मिसळायला लागले, "सांगा की सेन्योर, डॉक्टर काय म्हणाले?" ते ओठ घट्ट मिटून गोठ्यातल्या गाईकडे बघत बसायचे. रात्री त्यांच्या दारावरून जाताना मी उभी राहून कान द्यायची. खोकला ऐकू आला तर घाबरायची आणि नाही आला तर जास्तच घाबरायची.

वीस तारखेला तिने टेकडीवरच्या चॅपलला जायचं काढलं. एकशे चाळीस पायऱ्या! मी लगेच गुडघा धरून बसले. "आई गं! मला सोडून जाऊ नका." धडधडीत थाप. एलिओदोरोंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मापात मारणाऱ्या दुकानदाराकडे बघत असतील. मी त्यांचा जीव वाचवत होते आणि त्यांना माझीच लाज वाटत होती. असा हा माणूस.

बावीसला तर मी तिच्यावर चिडलेच. चौकातल्या बाकावर ते बसले होते, ओठ निळसर पडले होते, आणि ही शेजारी बसून तळलेले बुन्युएलो खात विचारत होती, "दम लागतोय का तुम्हाला?" ते गप्प. ही हसली. मी तिला बाजूला ओढलं.

"पुरे झाला तो खेळ, दोन्या अनातिल्दे. माणसाकडे बघा जरा."

"का पुरे? मी कुठे हरतेय?" ती म्हणाली आणि पुन्हा त्यांच्याजवळ जाऊन बसली. बाईला डोळे आहेत की बटणं, असं मनात आलं. डॉक्टरांचा कागद तिच्या तोंडावर फेकावा असंही वाटलं. पण शब्द दिला होता.

चोवीसला सगळ्यांना पुढे चर्चला जायचं असतं, म्हणून शेवटची नोव्हेना आम्ही दुपारी चारला ठेवतो. दिवाणखाना गच्च भरला होता. खुळखुळे, डफ, पोरांचा गोंधळ. खरवसासारखी घट्ट, गोड नातिल्या मी वाट्यांतून फिरवत होते आणि मनात म्हणत होते, आता दोनच तास. सहा वाजले की खेळ संपेल आणि मग हे दोघं आपलं आपण बघतील. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी अनातिल्देने नेहमीच्या आवाजात विचारलं, "एलिओदोरो, डॉक्टर काय म्हणाले?"

सगळे हसले. पण एलिओदोरो खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"झडप गेलीय," ते म्हणाले. "नऊ तारखेला ऑपरेशन आहे. त्यातून वाचेन की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"हरले! हरले!" मागून कुणीतरी ओरडलं आणि मधेच थांबलं. त्या खोलीत एकालाही हा विनोद वाटला नाही. एलिओदोरो काय आहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अनातिल्देच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती रागावली होती. "दोन तास राहिले होते," ती म्हणाली. "दोन तास कळ काढवली नाही तुमच्याने?"

"तुम्हाला माहीत होतं?" एलिओदोरोंनी विचारलं.

"तारीख कळवायला हॉस्पिटलातून फोन आला तो मीच घेतला. नोव्हेंबरमध्ये. तुम्ही केस कापायला गेला होतात."

"मग रोज का विचारत होतात?"

"आणखी काही दिवस विचारलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं ना, की हिला कळलंय." ती त्यांच्या खुर्चीजवळ आली. "तुम्ही खेळ काढलात तेव्हा मी देवाचे आभार मानले. म्हटलं, विचारायचं आणि ऐकायचं मात्र नाही. नऊ दिवस तेवढंच सुख. तेही पुरं होऊ दिलं नाहीत."

मी बावीस तारखेला मनात हिच्या डोळ्यांना बटणं म्हटलं होतं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"मला नाही जमलं," एलिओदोरो पुटपुटले. "तुम्ही विचारायच्या, आणि मी गप्प. तेही खोटंच वाटायला लागलं होतं." ते खाली बसले. मग काट्याचा निकाल सांगावा तसे म्हणाले, "मी हरलो. मागा, काय हवं ते."

सगळी खोली ऐकत होती. खुळखुळेसुद्धा बंद होते. अनातिल्देने त्यांच्या खांद्यावरची रुआना सारखी केली, सारखीच होती तरी केली.

"म्हणा, पुढच्या नाताळला येऊ आपण."

"ते मला कसं ठाऊक असणार, अनातिल्दे?"

"नसू दे ठाऊक. खोटं म्हणा. माझी भेट आहे ती."

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सत्तरीचा माणूस, पण शाळेत फळ्यापुढे उभा केल्यासारखा दिसत होता. शेवटी म्हणाले, "पुढच्या नाताळला येऊ आपण."

इतकं वाईट खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. शेंबड्या पोराचाही विश्वास बसला नसता.

"जमत नाहीये तुम्हाला," अनातिल्दे म्हणाली. तिने त्यांचा हात धरला. "परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं.