रांजणात उतरलेली पोर

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धंमुर्धं. लिहिण्यात चुका निघतील त्या निघोत, मी कुणाकडून सुधारून घेणार नाही. झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमची भाताची खाचरं नव्या शहरात गेली. तिथं गटारांसाठी चर खणले तेव्हा जुन्यापान्या वस्तू निघायला लागल्या. खापरं, कोरीव दगड, फुटकी जाती. माझ्या खाचरातून एक रांजण निघाला, पण तुकडे तुकडे झालेला. सरकारी माणसांनी ते तुकडे गोणीत भरून नेले. पुढं एका बैठ्या इमारतीत त्यांनी या सगळ्याचं लहानसं संग्रहालय केलं. मे महिन्याच्या सुट्टीत तिथं घरच्या सगळ्यांनी मिळून यावं म्हणून कार्यक्रम ठेवायचे. पोरांनी मातीची भांडी करायची, वाळूत पुरलेली खापरं उकरून काढायची, काळोख्या खोलीत भिंतीवर चित्रं बघायची. येणारी सगळी वाशीच्या नव्या सोसायट्यांतली. आमच्या गावातून कुणी फिरकत नसे. माझ्याच शेतातलं मी तिकीट काढून कशाला बघू, असं मी चारचौघांत बोललो होतो.

ते बोलणं तिथल्या साहेबांच्या कानावर गेलं असावं. ते स्वतः आमच्या दारात आले. चष्मा लावलेले, घाटावरचे, शांत गृहस्थ. म्हणाले, "मामा, तुमचा रांजण जोडून उभा केलाय. रविवारी मुलाबाळांना घेऊन या. तिकीट नाही."

"माझा" म्हणाले, म्हणून गेलो. पांढरी टोपी घातली. बायको होती आणि आमची पोरगी होती, तिसरीतून चौथीत गेलेली, काटकुळी.

बायकोला तिथल्या बायकांनी आल्या आल्या ओसरीवर नेलं. जुनं जातं मांडलं होतं आणि दळायचं कसं ते कुणालाच धड येत नव्हतं. मी आणि पोरगी आतल्या दालनात गेलो. चित्रं दाखवायची म्हणून खिडक्यांना काळा कागद लावलेला, वर दिवे. मधोमध वाळूचा मोठा वाफा करून त्यात रांजण खांद्यापर्यंत पुरलेला. जसा सापडला तसा, असं साहेब म्हणाले. पोट मोठं, गळा बेताचा. जोडलेल्या भेगा दिसत होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ह्यो आमच्या खाचरातला." कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

एक तरुण बाई पोरांना माहिती सांगत होती. तिनं विचारलं, "यात काय ठेवत असतील?"

कुणी म्हणालं पाणी, कुणी म्हणालं सोनं. आमची म्हणाली, "भात."

"बरं. मग भात संपत आला की तळातला कसा काढायचा? हात तर पोचणार नाही."

"मी जाते ना," पोरगी म्हणाली. तिनं वाफ्याच्या कडेवरून पाय टाकला आणि बाईचं हसू संपायच्या आत गळ्यातून आत उतरली.

यात मला काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. आमच्याकडं भात कणगीत असायचा. बांबूची विणलेली उंच कणगी, शेणानं सारवलेली. पाऊस लागायच्या आधी ती रिकामी करून, उन्हात तापवून पुन्हा सारवायची. तळातला भात काढायला घरातली सर्वांत लहान पोरगी आत उतरायची. हे काम बायकांचं. त्या दिवशी बाप्यांनी घरात थांबायचं नाही, माझ्या आईनं मला लहानपणापासून ओसरीवर हाकलेलं. तेव्हा आत काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. आमची पोरगी दोन उन्हाळे हे काम करत होती एवढं माहीत.

माणसं हसली. एक सोसायटीवाला आपल्या बायकोला म्हणाला, "बघ, ह्यांना प्रॅक्टिकल येतं." मीही हसलो. ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू.

आणि दिवे गेले.

त्या दिवसांत वीज अशी जायचीच. पंखे थांबले, काळ्या कागदामुळं दालनात अंधार झाला. लोक आपापली पोरं धरून ओसरीकडं निघाले. बाई रांजणापाशी वाकून म्हणाली, "चल बाळ, बाहेर ये आता."

आतून काही नाही.

मी म्हणालो, "तुमची तिला वळख नाय. थांबा." आणि तिच्या नावानं हाक मारली. गप्प. पुन्हा मारली, मोठ्यानं. रांजणात माझाच आवाज घुमून माझ्या तोंडावर आला. पोरगी ओ देईना. ही पोरगी मी खळ्यावरून हाक मारली तर घरातून धावत येणारी.

मी पालथा पडून हात आत घातला. खांदा गळ्यात अडकला, पुढं जाईना. बोटं कशीबशी तिच्या केसांना लागली. केस घामानं ओले. मी ते जरा ओढले. पोरगी हलली नाही.

"साहेब," मी म्हणालो, "पोर बोलत नाय."

साहेब विजेरी घेऊन आले. उजेड आत टाकला तर नुसतं डोकं दिसलं, गुडघ्यांत घातलेलं. साहेबांनी रांजणाच्या तोंडाशी नाक नेलं आणि एकदम मागं घेतलं.

"मामा, आतून कालच लेप दिलाय. सांधे धरावेत म्हणून. त्याचा वास आहे."

"इखारी हाय काय?"

साहेबांनी विजेरी खाली ठेवली आणि बाह्या वर सारल्या. त्यावरून मला उत्तर मिळालं.

पोलीस बघितलेत मी, जमिनी घेतल्या तेव्हा दारात बंदुका घेऊन आलेले. भरतीला बांध फुटताना त्यावर उभा राहिलोय. तेव्हा पळायचं की मारायचं हे कळत होतं. इथं माझं लेकरू माझ्या हाताखाली होतं आणि हाताला काही येत नव्हतं. मी परत परत हाक मारत सुटलो. नाव, लाडाचं नाव, शिवी, सगळं. जितका ओरडलो तितकं आत गप्प होत गेलं.

"वाळू काढा," साहेब म्हणाले. आम्ही दोघं हातांनी वाळू उपसायला लागलो. बाई वारा घालायला पुठ्ठा घेऊन उभी राहिली, ती रडत होती. रांजणाचं पोट उघडं पडलं तसे साहेब उठून गेले आणि हातोडा घेऊन आले. तो त्यांनी माझ्यापुढं धरला.

"फोडा. मी दीड वर्ष जोडलाय, माझा हात उठणार नाही. तुम्ही फोडा."

हातोडा घेतला. पण मारायचा कुठं? डोकं कुठल्या बाजूला आलंय ते बाहेरून कळेना. जाड खापर आत कोसळलं तर तिच्याच अंगावर जाणार. न फोडावा तर तो वास. मी हातोडा एका जागी टेकवायचा, मग दुसऱ्या. मनात एकच, की आता चूक झाली तर तिच्या आईला काय सांगू. शेवटी पोटाच्या खालच्या अंगाला जागा धरली आणि हात वर नेला.

"हातोडा ठेवा."

बायको दारात होती. कुणीतरी तिला जात्यावरून उठवून आणलं होतं, हाताला पीठ तसंच. मी म्हणालो, "पोर आत हाय. ओ देत नाय. मेली का जगली कलत नाय."

"तुमी नावानं हाका मारताव का?"

"मग काय करू?"

"गप र्‍हा. सगली गप र्‍हा."

तिनं मला खांद्यानं बाजूला सारलं, गुडघ्यावर बसली. तोंडातून शब्द काढला नाही. हात रांजणाच्या काठावर आणला आणि बांगड्या वाजवल्या. खणखण. थांबली, पुन्हा वाजवल्या.

आतून दोन हात वर आले. मुठी मिटलेल्या.

बायकोनं मनगटं धरून तिला ओढली. खांदे गळ्यात जरा अडकले, तिरपी करून काढली. पोरगी घामानं निथळत होती, तोंड लालबुंद, डोळे वासानं सुजलेले. पण टक्क उघडे. तिनं आधी मुठी आईच्या पदरात रिकाम्या केल्या. वाळू आणि खापराचा चुरा. मग बोलली, "भात नाय तळाला. माती हाय नुसती."

ओसरीवर नेऊन तिला पाणी पाजलं, तोंड धुतलं. तिला वांती झाली, मग बरं वाटलं. साहेब डॉक्टरला घेऊन आले. त्यानं छाती तपासून सांगितलं, काही नाही, वाऱ्यावर बसवा.

तेव्हा कळलं ते असं. कणगीत उतरलेल्या पोरीनं बोलायचं नाही, बोललं तर बरकत जाते. बाहेरून कुणी नावानं हाक मारली तर मुळीच ओ द्यायची नाही, अंग आवरून बसायचं, कारण ती हाक माणसाची नसते. बांगड्या वाजल्या की हात वर करायचे. माझ्याच आईनं नातीला हे शिकवलेलं. पोरीला आत वासानं मळमळत होतं, डोळे झोंबत होते, तरी मी एकेक हाक मारत गेलो तशी ती आणखी घट्ट बसत गेली.

"मना कुनी का नाय सांगितलं?" मी बायकोवर ओरडलो.

"बाप्यांना कशाला सांगायचं?" ती म्हणाली. बायका हसल्या. साहेबही हसले, आणि हसता हसता पायरीवर खाली बसले. मीही बसलो. कुणीतरी चहा आणून दिला. कप बशीत वाजायला लागला म्हणून मी तो खाली ठेवला. गरम आहे असं सांगितलं.

त्या संध्याकाळी पोरगी काही झालंच नाही अशी खेळायला गेली. जेवणाची वेळ झाली तशी बायको चुलीपासून म्हणाली, "हाक मारा तिला." मी दारात उभा राहिलो. पोरं शेजारच्या दिवाळे गावाच्या बाजूला सुकत घातलेल्या मासळीच्या जाळ्यांमागं होती, दिसत नव्हती, नुसता गलका येत होता. तोंड उघडलं, पण नाव बाहेर येईना. मारली हाक आणि ओ आली नाही तर?

चपला घातल्या आणि जाळ्यांपर्यंत चालत गेलो. तिचा हात धरला आणि घरी आणली. तिनं विचारलं, "हाक का नाय मारली, बाबा?"

"ऐकू गेली नसती," मी म्हणालो.