पाळकसाहेबांचा भात

बाळांनो, महाडपासून पोलादपूरपर्यंत तुमच्या धाकट्या आजीइतकी बेशिस्त बाई दुसरी नाही, आणि तिच्याइतकी लोकांना हवीहवीशी वाटणारीही नाही. ही माझी धाकटी जाऊ. मी जन्मभर महाडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. ती कापडे गावात भातशेती करते. रविवारी चर्चमध्ये उपासनेला ती दुसरं गीत संपता संपता येते, ओल्या छत्रीसकट थेट पुढच्या बाकावर बसते, आणि पाळकसाहेब तिच्याकडे बघून हसतात. मी दहा मिनिटं आधी आलेली असते. माझ्याकडे बघून ते मान लववतात.

आमची चर्चची मंडळी अकरा घरांची. एवढ्यांनी पाळकाचं कुटुंब सांभाळायचं म्हणजे शिस्त हवी, म्हणून मी तक्ता केला: कोणत्या महिन्यात तांदूळ कोणाचे, डाळ कोणाची, गॅस कोणाचा. धाकट्या आजीने तो कधी वाचला नाही. ती मागच्या दाराने पाळकीणबाईंच्या स्वयंपाकघरात शिरायची, डब्यांची झाकणं उघडून बघायची आणि उपासना सुटताच चर्चच्या पायरीवरून ओरडायची, "गो बायांनो, तिथं तेल नाय, आनि तुमी खुशाल भजी तळताय!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुपारपर्यंत चार घरांतून तेल पोचायचं. पाळकीणबाई चिडतील अशी मला भीती वाटे. खरं सांगायचं तर आशाच. त्या पदराआड हसायच्या.

गेल्या पावसाळ्यात पाळकसाहेबांना पुण्याकडच्या मोठ्या मंडळीचं बोलावणं आलं. ते गेले असते तर एवढ्याशा मंडळीला दुसरा पाळक कोण देणार? चर्चला कुलूपच लागलं असतं. मी तातडीने बैठक घेतली, तक्ता नव्याने टाईप केला, प्रत्येकाचा वाटा वाढवला. पाळकसाहेब आभार मानून म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही कमी पडू देत नाही. पण दर महिन्याला हात पुढे करायचा, बरं नाही वाटत हो." माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

धाकट्या आजीच्या कानावर हे गेलं. तिने विचारलं, "साहेब, भात लावता येतो काय?" ते ज्वारीच्या मुलखातले. म्हणाले, नाही. "मग शिका. खाचर माझं, मेहनत तुमची, भात अर्धा अर्धा. कुनाचे उपकार नाय."

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखलात उतरले. ओळी इतक्या वाकड्या की रस्त्याने जाणारे मोटारसायकल थांबवून बघत. आणि चिखलात उतरल्यावर ही अहो-जाहो विसरली! "नीट खोच की रे! आशीर्वाद मागाहून दे!" पाळकसाहेब पोट धरून हसले. मी बांधावर उभी होते, लाजेने लाल आणि मत्सराने हिरवी. मला कोणी चिखलात बोलावलं नव्हतं.

भात कापून घरात आला आणि त्यांनी पुण्याला नकार कळवला. "स्वतः पिकवलेलं खातोय, आता जायचं कशाला?" म्हणाले.

नव्या तांदळाच्या जेवणाचं निमंत्रण द्यायला पाळकीणबाई स्वतः माझ्या घरी आल्या. त्यांच्याकडे गेले तर माझं पान पहिलं मांडलं होतं. "मॅडम, अजून थोडा?" असा आग्रहही झाला. मी हळूच विचारलं, "माझ्या जावेला नाही बोलावलं?"

"त्यांना काय बोलवायचं?" पाळकीणबाई म्हणाल्या.

ती आतच होती, त्यांच्या मुलांबरोबर पातेल्याच्या तळाची खरवड खात. बाळांनो, खरवड मलाही फार आवडते. मला ती कधी कोणी विचारलीच नाही.