लवू वायरमन आणि जाड तार

लवू वायरमन कुणाच्याही घरात शिरला की आधी भिंतीला हात लावायचा, आणि तोही उलटा. ताप बघायला आई कपाळाला लावते तसा, बोटांची मागची बाजू. मग स्विचबोर्डाजवळ नाक नेऊन वास घ्यायचा. एवढं झाल्याशिवाय तो चहालासुद्धा हो म्हणायचा नाही. मी लग्न होऊन कोल्हापूरहून मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात हा माणूस स्वयंपाकघराच्या भिंतीला उलटा हात लावून डोळे मिटून उभा दिसला. मला वाटलं, सासऱ्यांनी कुणी देवरशी बोलावला की काय!

"हात उलटा कशाला?" मी विचारलं.

"बाईनू, करंट लागलो की मूठ आवळता. तळहात लायलास तर थंयच धरून रवशात. उलटो लायलास तर हात मागे येता." मग माझ्याकडे बघून हसला. "तुमी सायन्सच्या मां? मगे तुमका म्हायत आसतलाच."

मला कसलं माहीत! मी बी.एस्सी., गावच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायला नुकतीच लागलेली. तो चौथी शिकलेला. पोरवयात गोव्यात एका मेस्त्रीच्या हाताखाली राबून त्यानं सगळं डोक्यात भरून घेतलं होतं. अंगात खाकी अर्धी चड्डी, खिशात टेस्टर, खांद्याला पिशवी आणि तोंडात सदैव कसली ना कसली म्हण. त्यातल्या निम्म्या तो स्वतःच बनवायचा.

आमचं घर जुनं. मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि गावात वीज आली तेव्हा कुणीतरी लाकडी पट्ट्यांवरून ठोकलेल्या कापडी वेष्टणाच्या वायरी. पावसाळ्यात भिंती ओल धरत आणि बोर्डाला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत. खाऱ्या वाऱ्यानं तांबं हिरवं पडे. माळ्यावर उंदीर वायरी कुरतडत. एकदा एक जोड उघडा पडला तर सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या दादांनी, त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. लवूनं ती बघितली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "दादानू, हेका खंय लागला? इंजेक्शन दिलास काय?" दादांसारख्या जमदग्नीला हसवणारा गावात तो एकटाच.

पण त्याचा खरा जीव अर्थिंगच्या खड्ड्यात. न्हाणीच्या मागे त्यानं हातभर रुंद खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि लोखंडी पाइप पुरला होता. "करंट म्हणजे पावणो, बाईनू. येवक वाट दिलास, तशी जावक पण वाट व्हयी. नायतर तो घरातल्या माणसांतसून वाट काढता." उन्हाळ्यात तो खड्डा सुकू नये म्हणून रोज एक कळशी पाणी ओतायचं. "तुळशीक घालतास मां, तसाच हेकाय घाला." लोक भेटले की 'बरा मां?' म्हणतात, हा भर बाजारात, एस. टी.च्या खिडकीतून, लांबून ओरडायचा, "बाईनू, पाणी घातलास?" नवीन माणूस माझ्याकडे बघतच राही.

आणि फ्यूज. त्याबद्दल तो फार हळवा होता. "फ्यूज उडालो म्हणान तेका गाळी घालू नकात. तो बिचारो घरासाठी मरता." मीटरजवळच्या खिळ्याला पुठ्ठ्यावर गुंडाळलेली बारीक तार तो कायम टांगून ठेवायचा. "हीच घालूची. दुसरी खंयची हाताक लागली म्हणान घालू नकात." हे त्यानं मला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

आता ती गोष्ट सांगायला हवी. इतका वेळ मी ती टाळतेय, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमाराची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. श्रावणातच लवू दादांना सांगून गेला होता, "ह्यो वायरी म्हाताऱ्यो झाल्यो, दादानू. दिवे झेपतले, दुसरा काय घालू नकात. चवथीच्या आधी बदलूया." दादा म्हणाले, "चवथ जावंदे, मगे बघू." आणि चवथीला मुंबईहून आमचे धाकटे दीर सुहासभावजी आले, ते विजेची शेगडी घेऊन! चाकरमान्यांना गावाला सुख द्यायची भारी हौस. घरात तीसएक माणसं, सारखा चहा, मखराला दिव्यांच्या माळा. पहिल्याच दिवशी फ्यूज तीनदा उडाला. पुठ्ठ्यावरची बारीक तार संपली. लवूला बोलवायला माणूस पाठवला तर तो मसुऱ्याला कुणाच्या तरी कामावर गेलेला. काळोखात गणपती, आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "सायन्सवाली सून हाडलंय घरात. बघूया काय उजेड पाडता ती!"

माणसं हसली. माझी नोकरी दादांच्या डोळ्यांत आधीपासून सलत होती. एवढीशी चूक झाली की "उद्यापासून शाळा बंद" हे ठरलेलं. मला तो हशा झोंबला. मी मेन स्विच बंद केला, अडगळीतल्या एका वायरीची जाड तार सोलली आणि ती फ्यूजमध्ये घट्ट पिळून बसवली. पुन्हा उडू नये, एवढंच डोक्यात. ज्या हातानं मी आठवीच्या फळ्यावर 'फ्यूजची तार बारीक व लवकर वितळणारी असते' असं लिहायची, त्याच हातानं. दिवे लागले. भावजींनी टाळ्या वाजवल्या. दादा "हं" म्हणाले. त्या एका 'हं'नं मी किती सुखावले होते, काय सांगू!

दोन दिवस फ्यूज उडाला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आरती चालू असताना माळ्यावरून धूर आला. वर नारळाची सोडणं आणि चुडतं, म्हणजे वाळलेल्या झावळ्या, रचलेली. वायर तापून तापून जोडापाशी पेटली होती. भावजींनी धावत जाऊन मेन स्विच ओढला, बायका विहिरीवरून कळश्या आणू लागल्या, पण आग देवाच्या खोलीकडे सरकत होती. शेवटी दादांनी आणि शेजाऱ्यांनी अर्ध्या आरतीत गणपती उचलला आणि बाहेर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तुळशीपाशी आणून ठेवला. मुकुटावर राख पडली होती.

आग विझली. एक कोपरा जळला, माणूस कुणी भाजलं नाही. पण आमच्याकडे विसर्जनाआधी देव जागचा हलवत नाहीत. घर जळालं तर बांधता येतं. देव उठला, हे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. दादांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

तेवढ्यात लवू आला, आगीचं ऐकून धावत. तो थेट मीटरपाशी गेला. मी निरांजनाचं ताट हातात घेऊन तिथंच उभी होते. ते कुठं ठेवायचं तेही सुचत नव्हतं. त्यानं फ्यूज ओढून काढला. जाड तार बघितली. मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहराच सांगत असणार. त्यानं ती तार उपसली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"काय झाला रे?" दादा मागून गरजले.

"वरचो जोड सैल रवलो आसतलो, दादानू," लवू म्हणाला. "माझी चूक झाली."

"देव उठवलंस माझो! परत ह्या घरात पाय ठेव नको."

लवू मान खाली घालून निघून गेला. मी बोलले नाही. दोन पावलांवर दादा उभे होते, चार शब्द बोलायचे होते, आणि मी, पोरांना "खरं बोला" म्हणून छड्या मारणारी बाई, निरांजन धरून उभी राहिले.

पंधराएक दिवसांनी तो मला शाळेच्या वाटेवर भेटला. मी म्हटलं, "लवू, मी दादांना सगळं सांगणार आहे."

"नको, बाईनू. तुमी ह्या घरात कालच्या. दादा तुमची शाळा बंद करतीत. माका काय, मी फिरतो मनीस. आज ना उद्या लोक विसारतले." आणि पिशवीतून बारीक तारेचा नवा पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "ही घाला. आणि खड्ड्यात पाणी घालतास मां?"

त्यानं नको म्हटलं आणि मला हायसं वाटलं. खरं सांगते, हायसं वाटलं! त्याचंच नाव पुढं करून मी गप्प बसले. मनात म्हणायची, त्यानंच तर सांगितलंय नको म्हणून.

लोक विसरले नाहीत. चवथीच्या माळा बांधायला त्याला कुणी बोलवेना. 'देव उठवणारो' हे त्याच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. शेवटी तो ओरोसला जाऊ लागला. तिथं जिल्ह्याच्या कचेऱ्या-क्वार्टर्स उभ्या राहत होत्या. एका ठेकेदाराकडे नव्या भिंतींत पाइप घालायचं काम. ज्याच्या शब्दावर गावातली मीटरं चालायची, तो विशीतल्या पोराची बोलणी खात होता. एकदा एस. टी.त भेटला. मी विचारलं, "तिकडचं काम कसं आहे?" म्हणाला, "नव्या भिंती, बाईनू. हात लायलो तरी काय सांगणत नाय." मग खिडकीबाहेर बघत बसला. पाणी घातलं का, हे त्या दिवशी त्यानं विचारलं नाही.

त्या आगीनंतरची तिसरी चवथ झाली आणि दिवाळीच्या आधी तो गेला. कावीळ झाली होती, अंगावर काढली. शाळेत बातमी कळली. मी तास सोडून तशीच घरी आले आणि ओटीवर बसलेल्या दादांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जाड तार, शेगडी, त्यानं खिशात काय टाकलं ते. दादा ओरडतील म्हणून जीव मुठीत धरून उभी होते. ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "माझी टोपी हाड." मी खुंटीवरची टोपी आणून दिली.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. खळ्यात माणसं बसली होती. कुणीतरी हळू आवाजात म्हणत होतं, "हात बरो होतो हो. पण दादांच्या घरात काय ता एकदा..."

दादांनी तोंड उघडायच्या आधी मीच बोलले. "ती चूक लवूची नव्हती. फ्यूजमध्ये जाड तार मी घातली होती. त्यानं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

दादा टोपी हातात घेऊन उभे. लवूची बायको शेवंती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, रागानंसुद्धा नाही.

"माका म्हायत होता, बाईनू," ती म्हणाली. "तेणा त्याच दिवशी सांगल्यान. माका म्हणालो, बाई शिकवणारा मनीस आसा, वायच येळ लागतलो, पण येतली आणि सांगतली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दर चवथीक न्हाऊन, नवो सदरो घालून खळ्यात बसा होतो. कोण बोलावक येता काय, म्हणान. तीन चवथी बसलो."